कंट्रोलरांच्या पेटीतली स्थळं

उभ्या कुलाबा जिल्ह्यात आमच्या शेजारच्या कंट्रोलरांइतकी लग्नं कोणत्याही भटजीने जमवली नसतील, आणि त्यांतलं एकही लग्न माणसाचं नव्हतं. महाडच्या एस.टी. स्टँडवर ते कंट्रोलर होते. त्यांनी शिट्टी फुंकल्याशिवाय गाडी हलायची नाही आणि त्यांनी गावाचं नाव पुकारल्याशिवाय उतारू पायरीवर पाय ठेवायचे नाहीत. आवाज असा, की त्यांनी स्टँडवरून "पोलादपूर, कशेडी, खेड" म्हटलं की बाजारपेठेतला वाणी हातातला तराजू थांबवायचा, आणि सावित्रीवर धुणं धुणाऱ्या बायका आपल्याला आज कुठं जायचं नाही ना, याची मनाशी एकदा खात्री करून घ्यायच्या. असा हा माणूस ड्यूटी संपवून घराचा उंबरठा ओलांडला की कुजबुजायला लागायचा. घरात मासे होते. मोठ्या आवाजाने मासे बिचकतात. त्यांच्या ओटीवर उभं राहून मी एकदा, "काय कंट्रोलर, आली का नवी मंडळी?" असं सरळ माणसासारखं विचारलं, तर त्यांनी तोंडावर बोट ठेवलं, मला दंडाला धरून मागच्या परसात फणसाखाली नेलं, इकडे तिकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "आली."

माणूस चाळिशीचा, उंच, वाळकुडा, खाकी कोट हँगरसकट घातल्यासारखा दिसणारा. लग्न झालेलं नव्हतं. आई अंथरुणाला खिळून होती तोवर तिचं करण्यात वर्षं गेली, आणि ती गेल्यावर तिची चार लुगडी आणि रिकामं घर एवढंच राहिलं. त्या घरात मासे कसे शिरले, त्याचीही हकीकत आहे. मुंबईहून आलेल्या गाडीत एका उतारूची काचेची बरणी बाकाखाली राहिली होती. तिच्यात रंगीत मासे. कंट्रोलरांनी नियमाप्रमाणे ती हरवलेल्या सामानात ठेवली, मालकाची वाट पाहिली, आणि मालक येत नाही असं दिसल्यावर बरणी घरी नेऊन सगळे मासे परसातल्या घंगाळात ओतले. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे उलटे तरंगत होते. आई गेली तेव्हा हा माणूस रडला नव्हता. त्या दिवशी मात्र ड्यूटीवर आला तो लाल डोळ्यांनी. "ढकललं हो मी त्यांना," एवढंच म्हणाले. तेव्हापासून जगातल्या माणसांचे त्यांनी दोन प्रकार केले: माशाला पाण्यात ढकलणारे आणि माशाला पाण्यात सोडणारे. पहिल्या प्रकारात आपण पुन्हा कधी जायचं नाही, अशी त्यांनी जी शपथ घेतली, ती त्यांना फार महागात पडली. पण ते पुढे येईलच.

लोहाराकडून सांगाडा करून घेऊन त्यांनी काचेची भली मोठी पेटी बांधली. विहिरीचं पाणी भरून, ते दिवसचे दिवस निवत ठेवून, त्यात पाणवेली रुजवल्या. मग मुंबईहून मासे मागवायला सुरुवात झाली. मासे आणण्याचा मान एकाच ड्रायव्हरला, त्याला सगळे चाचा म्हणत. कारण चाचा ब्रेक असा दाबायचा की झोपलेल्या उतारूची मान हलायची नाही. ओल्या गोणपाटात गुंडाळलेली बरणी त्याच्या शेजारी ठेवलेली असायची. गाडी लागली की कंट्रोलर आधी बरणीकडे धावत.

"चाचा, प्रवास कसा झाला?"

"झ्याक झाला साहेब. वडखळला जरा गचका बसला, तर त्यातला एकजण माझ्याकडं असा बघाया लागला, मीच त्याची माफी मागितली."

कंडक्टर मागून विचारायचा, "साहेब, बरणीचं तिकीट फाडायचं काय?"

"फाड. अर्धं."

आणि कंट्रोलर खरोखर खिशातून पैसे काढून द्यायचे. विनोद हा प्रकार ड्यूटीवर असताना त्यांना समजत नसे.

घरी आल्यावरचा सोहळा मी कितीदा तरी पाहिला आहे. बरणी तशीच पेटीच्या पाण्यात तरंगत ठेवायची. आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी एकमेकांच्या ऊन-गारव्याला ओळखू लागलं, की करवंटीच्या डोयीने पेटीतलं थोडं पाणी बरणीत घालायचं. मग थांबायचं. मग आणखी थोडं. शेवटी बरणी हलकेच कलती करायची आणि मासा आपल्या पायांनी बाहेर येईपर्यंत वाट पाहायची. "पायांनी?" असं मी एकदा विचारलं, तर मला पुन्हा फणसाखाली जावं लागलं. मासा बाहेर आला की आईचं एक हिरवं लुगडं पेटीवर पांघरायचं. त्या दिवशी दिवा नाही, डोकावणं नाही, खायला घालणं नाही. "नव्या घरी आल्या आल्या कोणी जेवतं का?" ते कुजबुजत. "वाढणाऱ्यानं आग्रह केला की उलट रडू येतं." काचेवर बोटाने टकटक करणाऱ्याला त्यांच्या घरात पुन्हा प्रवेश नसे. आमच्या आळीतले एक वजनदार गृहस्थ या कलमाखाली कायमचे हद्दपार झाले होते.

पण त्यांचा जीव खरा अडकला होता तो एंजल माशांत. रुपेरी अंग, काळे पट्टे, वरखाली लांबलचक पर. उभं ठेवलेलं पिंपळपान पोहत चाललंय असं वाटावं. या माशांतला नवरा कोणता आणि बायको कोणती, हे बाहेरून ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. म्हणून अर्धा डझन आणायचे, एकत्र सोडायचे आणि गप्प बसायचं. त्यांचं त्यांना कळतं. जोडी जमली की ती एक कोपरा धरते आणि बाकीच्यांना तिकडे फिरकू देत नाही. कंट्रोलरांनी त्यांना नावं ठेवली होती ती ओळीने गाड्यांची: पनवेल, माणगाव, खेड, दापोली, श्रीवर्धन, पोलादपूर. आणि एक जुना, काळा, पोट सुटलेला मोली मासा होता, त्याचं नाव दासगाव, कारण सगळ्या गाड्या तिथे थांबतात. संध्याकाळी ते ओटीवर येऊन मला बातमी द्यायचे.

"आज खेड आणि माणगाव एका पानाखाली होते."

"बरं, मग?"

"मग काही नाही. नुसते होते."

आणि एवढ्यावर त्यांचा चेहरा असा उजळलेला असायचा, की जणू त्यांना व्याही भेटून गेले आहेत. मी म्हणायचो, अहो, त्या दोघांना वेगळं काढून एका बरणीत ठेवा, म्हणजे जमेल लवकर. त्यावर ते मला समजावायचे. "जोडी आपण लावायची नसते, शेजारी. ती जमायची असते. आपण पाणी सांभाळायचं."

माझं लग्न ठरलं त्याच सुमाराला आमच्या आळीत हिवतापवाले औषध फवारायला आले. माशांसाठी डासांच्या अळ्या लोकांच्या पिंपांतून गाळून आणणारा हा माणूस. त्याच्या घरी हिवतापवाले म्हणजे सोयरिकीच्या बैठकीत पोलीस. कंट्रोलर दारात आडवे उभे राहिले. बरीच कुजबुजत बाचाबाची झाली. शेवटी असं ठरलं, की आमचं लग्नघर म्हणून आमचा नंबर पुढे ढकलायचा आणि तोवर पेटी आमच्या माजघरात ठेवायची. म्हणजे माझी बायको माप ओलांडून आत आली, तेव्हा तिला पहिलं दर्शन झालं ते हिरवं लुगडं नेसलेल्या एका चौकोनी वस्तूचं आणि तिच्याशेजारी हात जोडून उभ्या असलेल्या एका उंच पुरुषाचं. "सावकाश या वहिनी," तो म्हणाला, "पोलादपूर आजारी आहे."

बायको पोलादपूरची. तिला धस्स झालं. पण तिच्यापेक्षा तिच्याबरोबर आलेली पाठराखीण धीराची होती. आमच्याकडे नवी नवरी सासरी येते तेव्हा तिला एकटं वाटू नये म्हणून माहेरची एक बाई चार दिवस तिच्याबरोबर राहायला येते, ती पाठराखीण. ही बायकोची मावसबहीण, पोलादपूरच्या शाळेत मास्तरीण. पस्तिशीच्या आत-बाहेर. वडील लवकर गेले, पाठच्या भावंडांची शिक्षणं करता करता स्वतःचं राहून गेलं, असं माझ्या कानावर आलं होतं. बायको तिला अक्का म्हणायची. आम्ही बाकीचे, बाई. बाईंनी सरळ लुगड्याचा पदर उचलून आत पाहिलं. कंट्रोलरांचं बोट तोंडावर गेलं.

"ही कोपऱ्यात तोंड घालून बसलीय, ती का पोलादपूर?" बाईंनी वर्गात विचारतात तशा आवाजात विचारलं.

"हळू... हो. आल्यापासून खात नाही. बाकीचे जवळ आले की अंग चोरते."

"मग तुम्ही काय करताय?"

"वाट पाहतोय."

"नुसती वाट पाहून काय होणार? हिच्याबरोबर पाठराखीण पाठवली होती का कुणी?" बाई म्हणाल्या. "तो काळा लठ्ठ दिसतोय दुसऱ्या बरणीत, तो सोडा हिच्याजवळ. त्याला खाताना बघेल, मग खाईल. माझी बहीण आज पंगतीत माझ्याच ताटाकडे बघून जेवली."

दासगाव पोलादपूरच्या कोपऱ्यात सोडण्यात आला. तो मुळात कोणाच्या भावनांची पर्वा न करता खाणारा. संध्याकाळपर्यंत पोलादपूर भिंतीचा नाद सोडून त्याच्या मागे मागे हिंडू लागली, आणि दुसऱ्या दिवशी तिने पहिली अळी गिळली. कंट्रोलर ड्यूटीवरून मधेच धावत आले होते. पेटीच्या एका बाजूला ते वाकलेले, दुसऱ्या बाजूला बाई, मधे पाणी. काचेतून दोघांचे चेहरे एकमेकांना मोठे मोठे दिसत असणार. बायकोने मला कोपराने ढोसलं. लग्नाला जेमतेम दिवस उलटला होता, पण त्या ढोसण्याचा अर्थ मला त्याच क्षणी कळला, आणि तेव्हापासून आम्हा नवरा-बायकोचं आयुष्यात एकच काम होऊन बसलं.

कारण कंट्रोलर बदलले. आता त्यांना माशांच्या बाबतीत पोलादपूरचा सल्ला लागायचा. सुटीच्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून स्वतःच पुकारलेल्या गाडीत बसायचे. चाचा आरशातून पाहून म्हणायचा, "साहेब, आज बरणी नाय संगं?" साहेब खिडकीबाहेर पाहायचे. बाईही महिन्या दोन महिन्यांनी बहिणीला भेटायला म्हणून महाडला यायच्या आणि बहिणीच्या हातचा चहा शेजारच्या घरी बसून प्यायच्या. माझं प्रामाणिक मत असं आहे, की त्या माशाचं नाव पोलादपूर असणं हा निव्वळ योगायोग होता. बाई येण्याआधीच ते ठेवलेलं होतं. पण अख्ख्या स्टँडचं मत निराळं होतं.

एकदा खेड आणि पोलादपूर यांनी कोपरा धरला. अंडी घालायला जागा म्हणून तोंडाने पान घासून पुसू लागले. पण पानं कुजकी, दोघांना पसंत पडेनात. बाई आल्या त्या पिशवीतून एक फुटकी दगडी पाटी घेऊन. शाळेतल्या कुठल्याशा पोराची. "ही टेकवून ठेवा तिरपी. गुळगुळीत आहे." पाटी पाण्यात गेली, आणि काही दिवसांनी तिच्यावर, जिथे एरवी पाढे लिहायचे तिथे, मोत्यांच्या चुऱ्यासारखी अंडी ओळीने चिकटलेली दिसली. नवरा-बायको आळीपाळीने परांनी वारा घालत होते. कंट्रोलरांनी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा रजा टाकली आणि पोलादपूरची गाडी धरली. बायकोने देवापुढे साखर ठेवली. आज विचारणार, अशी आमची खात्रीच होती. संध्याकाळी ते परतले तेव्हा आम्ही दोघं ओटीवर बसूनच होतो.

"काय, विचारलंत?" मी म्हणालो.

"विचारलं ना."

"मग काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, बघते. शाळेत आणखी एखादी फुटकी पाटी असली तर."

बायको उठून आत गेली आणि भांडी अशी आपटली, की शेजारच्या पेटीतली अंडी दचकली असतील. "तुमच्या त्या कंट्रोलरांना देवानं आवाज दिलाय, पण तोंड दिलं नाय," ती मला म्हणाली, जणू त्यांची घडण माझ्या हातची होती. मी त्यांना आडून सुचवलं, सरळ सुचवलं, फणसाखाली नेऊन सुचवलं. ते सगळं ऐकून घ्यायचे. मग म्हणायचे, "शेजारी, तुम्हाला घाई फार. बाई येतात, बसतात, बोलतात. पाणी चांगलं आहे. आता आपण मधे हात घातला आणि त्या बिचकल्या तर?" त्यांच्या डोळ्यांपुढे ते परसातलं घंगाळ होतं, हे मला दिसत होतं. त्यापुढे माझ्या वकिलीचं काही चालत नसे.

मग घाटावरचं स्थळ आलं. वाईकडचे एक मुख्याध्यापक, बायको वारलेली, घर सांभाळणारं कोणी नाही. बाईंच्या भावांनी चौकशी केली. बाई उत्तर द्यायच्या आधी महाडला आल्या आणि नेहमीप्रमाणे शेजारी जाऊन बसल्या. त्यांच्या आमच्या घरामधली भिंत कुडाची. बायको तिला कान लावून उभी राहिली. मी तिला हे बरं नव्हे असं खुणेने सांगितलं आणि दुसरा कान लावला.

"कंट्रोलर, घाटावरून स्थळ आलंय," बाईंचा आवाज आला. "माणूस बरा आहे म्हणतात."

मग कुजबुज आली. "घाई करू नका. आधी पाणी बघा तिकडचं."

"मी इकडचं पाणी बघतेय. किती दिवस बघायचं?"

"ते आपण ठरवायचं नसतं बाई. जमायचं ते आपसूक जमतं."

"माशांचं ठीक आहे हो," बाई म्हणाल्या. आणि मग, हसल्यासारखं करून, "माणसांत कुणीतरी तोंड उघडावं लागतं."

बायकोने माझा दंड असा आवळला की वळ उठला. "बोला ना हो," ती भिंतीला म्हणत होती, ओठांतल्या ओठांत. पलीकडून पेल्याचा आवाज आला, मग कंट्रोलर म्हणाले, "चहा गार झाला तुमचा. दुसरा करू का?"

"नको," बाई म्हणाल्या. "हाच घेते."

बाईंनी वाईला होकार कळवला. लग्न बहिणीचं घर म्हणून आमच्याच अंगणात झालं, साधंच. मुख्याध्यापक खरोखर सज्जन होते. नाव ठेवायला कुठे जागा नव्हती, आणि माझ्या बायकोला नेमका त्याचाच राग आला. पाणी भरायला, पंगतीला वाढायला, पाट मांडायला कंट्रोलर सगळ्यांच्या पुढे. ताटावर बसलेल्यांना आग्रह करत होते म्हणे. मी पाहिलं नाही. मला त्यांच्याकडे पाहवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वाईची गाडी. आम्ही पोचवायला गेलो तर पुढचं बाक त्यांनी आधीच धरून ठेवलं होतं आणि ते स्वतःच्या रुमालाने पुसत होते. मुख्याध्यापक वर टपावर चढवलेलं सामान पाहायला मागे गेले. बाई खिडकीशी बसल्या. कंट्रोलर खाली, हातात घड्याळ, गळ्यात शिट्टी. त्यांनी गाडी पुकारली, रोजच्यासारखी, खणखणीत: "पोलादपूर, महाबळेश्वर, वाई." उतारू चढले.

"वेळ झाली का कंट्रोलर?" बाईंनी विचारलं.

"दोन मिनिटं आहेत."

"बरं," बाई म्हणाल्या आणि त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मी आणि बायको चार पावलांवर उभे होतो. त्या दोन मिनिटांत काय काय मावलं असतं, याचा हिशेब आम्ही पुढे कित्येक वर्षं घालत बसलो. कंट्रोलरांचे ओठ एकदा हलले. मग ते म्हणाले, "आंबेनळीच्या घाटात खिडकी लावून घ्या. गार लागतं."

"लावीन."

मुख्याध्यापक येऊन बसले. कंडक्टरने दार ओढलं. त्या दिवशी या गाडीवर चाचाच होता, तो स्टिअरिंगवर हात ठेवून साहेबांकडे पाहत राहिला. त्याने इंजिनही उगाच एकदा बंद करून पाहिलं, पुन्हा सुरू केलं. तेवढ्यात वेळ झाली. कंट्रोलरांनी शिट्टी फुंकली. गाडी सुटली ती अगदी हलकेच, बाईंची मानसुद्धा हलली नाही.

धूळ खाली बसत होती तेवढ्यात एक म्हातारा बाजाराच्या बाजूने धापा टाकत आला. काखेत बोचकं, धोतराचा सोगा सुटलेला. "म्हाबळेसरची गाडी हाय ना वो?"

"गेली आजोबा."

"अशी कशी गेली? मी येतच होतो ना."

एरवी असल्या उतारूला त्यांनी वेळापत्रकाचा तक्ता दाखवला असता. त्या दिवशी त्यांनी हातातलं घड्याळ खिशात टाकलं. आवाजात राग नव्हता, उपदेशही नव्हता.

"तुम्ही येत होतात," ते म्हणाले, "पण ते तिला कसं कळणार?"

म्हातारा मटकन बाकावर बसला. पुढची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची. कंट्रोलरांनी कँटीनकडे बोट करून दोन चहा सांगितले आणि स्वतःही त्याच्या शेजारी बसले. खेडची गाडी येऊन उभी राहिली, तिचे उतारू उतरले, नवे चढले, ड्रायव्हरने वाट पाहून हॉर्न दिला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ती गाडी कोणी पुकारली नाही. शेवटी मीच पुढे झालो आणि जमेल तेवढ्या मोठ्याने ओरडलो, "पोलादपूर, कशेडी, खेड." माझा आवाज पहिल्या खांबापर्यंतसुद्धा पोचला नसावा.